बर्फावर घसरण्याआधी पॉलिसी वाचा

हिवाळी सुट्टीत बर्फ पाहायला जाणारी मंडळी आता फक्त बर्फाचे गोळे फेकून परतत नाहीत. कुणी गुलमर्ग, औली किंवा सोलंगला भाड्याने स्की घेऊन उतारावर उभे राहते, तर कुणी थेट स्वित्झर्लंड-ऑस्ट्रिया गाठते. विमानाची तिकिटे, हॉटेल, थर्मल कपडे यांची तयारी महिनाभर चालते. प्रवास विमा मात्र शेवटच्या दिवशी, त्यातल्या त्यात स्वस्त पाहून उरकला जातो. गफलत तिथेच होते.

युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. पण ती अट व्हिसाची आहे, स्कीइंगची नव्हे. व्हिसासाठी चालणाऱ्या पॉलिसीतही 'साहसी खेळ' किंवा 'हिवाळी खेळ' वगळलेले असू शकतात. तसे असेल तर हॉटेलच्या पायरीवरून घसरून पाय मोडला तर भरपाई मिळेल, स्कीवरून पडून मोडला तर मिळणार नाही. म्हणून पॉलिसीत स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग हे शब्द स्पष्ट आहेत का, हे आधी पाहावे. नसतील तर जादा हप्ता भरून ते संरक्षण जोडून मिळते का, हे कंपनीला विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

दुखापत कुठे होते?

किती रकमेचा विमा हवा, हे दुखापतींच्या स्वरूपावरून ठरवणे शहाणपणाचे. स्कीइंगमध्ये सर्वाधिक धोका गुडघ्याला असतो. पाय लांब पट्टीला जखडलेला असतो. पडताना पट्टी एकीकडे आणि शरीर दुसरीकडे वळले, की गुडघ्याला पीळ बसतो आणि आतले लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, फाटतात. स्नोबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच फळीवर असतात. तोल गेला की माणूस हात टेकतो आणि मनगट मोडते. शस्त्रक्रिया झालीच तर परतीचे तिकीट पुढे ढकलणे, सोबत थांबणाऱ्या नातेवाइकाचा मुक्काम, विमानात पाय लांब ठेवता येईल अशी जागा हे खर्चही पुढे येतात. ते पॉलिसीत धरले आहेत का, हे तपासावे.

डोक्याच्या माराबाबत एक घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. मार्च २००९ मध्ये ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातील क्युबेक प्रांतात नवशिक्यांच्या उतारावर स्कीइंग शिकताना पडल्या. त्यांनी हेल्मेट घातले नव्हते. सुरुवातीला काहीच त्रास जाणवला नाही आणि त्यांनी वैद्यकीय मदत नाकारली. नंतर डोके दुखू लागले आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव झाला होता. अशा रक्तस्रावात रुग्ण सुरुवातीचा काही काळ अगदी ठणठणीत दिसू शकतो. परदेशात सामान्य पर्यटक 'बिल किती येईल' या धास्तीनेही तपासणी टाळतो. ती वेळ येऊ नये, हा विम्याचा मोठा उपयोग आहे.

डोंगरावरून खाली आणणार कोण?

रुग्णालयाच्या आधी सुटकेचा खर्च असतो. आल्प्समध्ये जखमीला अनेकदा हेलिकॉप्टरने हलवावे लागते आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याचे बिल रुग्णाला किंवा त्याच्या विमा कंपनीला भरावे लागते. त्यामुळे 'शोध व सुटका' हे कलम वेगळे पाहावे. खुणा केलेला अधिकृत मार्ग सोडून गेल्यास बऱ्याच पॉलिसी हात वर करतात. फॉर्म्युला वनचा विश्वविजेता मायकेल शूमाकर २०१३ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्समधील मेरिबेल येथे जखमी झाला, तो खुणा केलेल्या मार्गाच्या अगदी लगत असलेल्या मोकळ्या बर्फात, बर्फाखालच्या खडकामुळे. त्याने हेल्मेट घातले होते, तरीही मेंदूला गंभीर इजा झाली.

आपण दुसऱ्याला धडकलो तर? इटलीत स्कीच्या मार्गांवर उतरणाऱ्याकडे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा दायित्व विमा असणे जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. इतर देशांत जातानाही हे कलम घेतलेले बरे.

गुलमर्गला जाताना

देशातल्या देशात जाणाऱ्यांना नेहमीचा आरोग्य विमा उपयोगी पडू शकतो. विमा नियामक 'आयआरडीएआय'च्या प्रमाणित कलमानुसार आरोग्य विम्यात साहसी खेळांचे उपचार वगळले जातात ते व्यावसायिक खेळाडू म्हणून भाग घेतल्यास. हौशी पर्यटकासाठी हा दिलासा आहे. तरी आपल्या पॉलिसीतील शब्द तपासावेत. शिवाय गुलमर्गहून श्रीनगरच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत किंवा तिथून विमानाने घरी आणण्याचा खर्च त्यात असेलच असे नाही. गुलमर्गची गोंडोला ३,५०० मीटरहून अधिक उंचीवर नेते. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अर्ज भरताना आणि उतारावर

- मधुमेह, रक्तदाब, जुनी गुडघेदुखी लपवू नका. लपवलेला आजार हे दावा फेटाळण्याचे सोपे कारण ठरते.
- मद्यपान करून स्कीइंग करू नका. त्या अवस्थेतील अपघात सहसा वगळलेला असतो.
- स्की भाड्याने घेताना वजन आणि अनुभव खरा सांगा. पडल्यावर बूट पट्टीतून किती जोराने सुटावा, हे त्यावरून ठरवले जाते.
- पॉलिसी क्रमांक आणि चोवीस तासांचा मदत क्रमांक फोनमध्ये ठेवा, खिशातल्या कागदावरही लिहा. थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते.
- अपघात झाल्यास आधी उपचार घ्या, पण शक्य तितक्या लवकर कंपनीला कळवा. बिले आणि बचाव पथकाचा अहवाल जपून ठेवा.

पॉलिसीतील 'वगळलेल्या बाबी' हे पान वाचायला अर्धा तास पुरतो. तो घरीच काढावा. तिथे न पटणारे काही आढळले, तर पॉलिसी बदलायला निघण्यापूर्वीच वेळ असतो.