फळमाशीचा मेंदू आणि बेंझर यांचा व्यासंग

पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळविलेल्या, जर्मेनियमच्या विद्युत्गुणांवर काम केलेल्या आणि पुढे जीवाणूंचा संहार करणाऱ्या विषाणूंच्या साहाय्याने जनुकाची अंतर्रचना उकलून कीर्ती संपादन केलेल्या गृहस्थाने पंचेचाळिशीत हा सारा संसार मोडावा आणि पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या फळमाशीच्या वर्तनाचे दफ्तर उघडून बसावे, हे त्याच्या समव्यवसायी मंडळींपैकी कित्येकांना विक्षिप्तपणाचे वाटले असल्यास नवल नाही. सेमूर बेंझर (१९२१–२००७) यांनी मात्र कॅलिफोर्नियातील कॅल्टेक संस्थेत १९६७ पासून अखेरपर्यंत हाच मार्ग धरला.

त्यांचे उपकरण पाहिले तर हसू यावे इतके साधे. नरमाश्यांना जनुके बिघडविणारे रसायन साखरपाण्यातून पाजायचे. त्यांची संतती काचनळीत भरून नळी आपटायची, म्हणजे साऱ्या तळाशी गोळा होतात. मग तोंडाशी दुसरी नळी लावून पलीकडे दिवा ठेवायचा. धडधाकट माशी उजेडाकडे धावते. जी मागे रेंगाळते, लंगडते वा मुळी हलतच नाही, तिची रवानगी स्वतंत्र नळीत व्हायची आणि तिच्या वंशाची तपासणी सुरू व्हायची.

या तपासणीचे महत्त्व समजण्यासाठी मज्जापेशीचा कारभार थोडा पाहिला पाहिजे. पेशीच्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना आयनमार्ग म्हणतात, आणि जकातनाक्यावरील कारकुनाप्रमाणे ती ठरावीक मालालाच, म्हणजे कोठे सोडियमच्या तर कोठे पोटॅशियमच्या विद्युद्भारित कणांना, वाट देतात. सोडियम आत शिरला की संदेश उसळतो, पोटॅशियम बाहेर पडला की तो शमतो; आपले चालणे, बोलणे, आठवणे या लाटेवरच अवलंबून आहे.

व्हँकुव्हर येथे डेव्हिड सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अशी एक माशी प्रसिद्ध केली, जी २९ अंश सेल्सियसला लुळी पडते आणि २२ अंशांवर आणताच उठून चालू लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारणारे ओबेद सिद्दीकी यांनी बेंझर यांच्यासमवेत या जातीच्या माश्यांच्या उड्डाणस्नायूंतील विद्युत्संदेश नोंदविले. १९७६ चा तो निबंध या क्षेत्रातील अव्वल दर्जाचा दस्तऐवज होय. या माशीत बिघडलेले जनुक सोडियममार्गाचे आहे, हे १९८९ मध्ये सिद्ध झाले. मनुष्याच्या अशाच एका जनुकातील दोषाने बालकांना ड्राव्हे नावाचा दुर्धर अपस्मार जडतो.

इथरने बेशुद्ध केल्यावर पाय थरथरविणाऱ्या ‘शेकर’ माशीची हकीकत याहून मनोरंजक आहे. बेंझर यांच्याकडे काम करणाऱ्या लिली व यूह-नुंग जॅन या दांपत्याने तिच्या मज्जातंतूंतील दोष पोटॅशियमच्या वाहतुकीशी निगडित असल्याचे दाखविले आणि १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील आपल्या प्रयोगशाळेत ते जनुक हस्तगत केले. पोटॅशियममार्गाचे हाती आलेले ते पहिले जनुक. आज माणसातील अशा जनुकांच्या संपूर्ण कुळाची वंशावळ या थरथरत्या माशीपासून मांडतात.

मेंदूच्या क्षयाकडे बेंझर प्रथमपासूनच ओढले गेले होते. काही दिवस सुखरूप राहून एकाएकी तोल जाऊन मरणाऱ्या ‘ड्रॉप-डेड’ माशीचा मेंदू त्यांना छिद्रांनी पोखरलेला आढळला होता. उतारवयात त्यांनी याच व्याधींचा पाठपुरावा केला आणि, चमत्कारिक खाद्यपदार्थ चाखण्याचा त्यांचा षोक जगजाहीर असल्याने, त्या माश्यांना ‘स्पंजकेक’, ‘एगरोल’, ‘बबलगम’ अशी नावे पडली. गंभीर रोगांना अशी नावे देणे मला काहीसे खटकते, पण नावे विसरत नाहीत हेही खरेच.

पैकी ‘बबलगम’ माशीत अतिदीर्घशृंखल स्निग्धाम्ले साठून मेंदू झिजतो, जसा ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रोफी या बालरोगात झिजतो. १९९९ मध्ये क्यूंग-टाय मिन व बेंझर यांनी, ‘लोरेंझोचे तेल’ म्हणून गाजलेल्या मिश्रणातील एक घटक माश्यांच्या अन्नात घातला आणि मेंदूचा क्षय टळला. माणसाच्या बाबतीत निकाल इतका सरळ लागला नाही: त्या तेलाने रक्तातील स्निग्धाम्ले घटतात, परंतु लक्षणे एकदा प्रकट झाली की रोग त्याने थांबत नाही.