चिपाडाचा धडा

नुसत्या पुस्तकी पदवीने गावाची अडचण सुटत नाही. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात अध्यापिका एमी स्मिथ यांनी २००२ साली वेगळा वर्ग काढला. विद्यार्थी हैती देशातील खेड्यांत गेले. तिथला स्वयंपाक लाकडी कोळशावर, त्यामुळे डोंगर उघडे पडलेले. गावकऱ्यांशी बोलून त्यांनी उसाच्या वाळल्या चिपाडाचा उपाय काढला. चिपाड पिंपात पेटवून झाकण गच्च लावायचे. हवा तुटली की राख न होता कोळसा होतो. तो कसाव्याच्या खळीत कालवून दाबला की कांड्या तयार. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनेही पाचटापासून कोळसा करून २००२ मध्येच अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळविला. आपली मुले कॉलेजातून सुट्टीला आली की त्यांना फडात न्या आणि विचारा, ‘पाचट पेटवायचं, की त्याचं काही करायचं?’