चाक बसले म्हणजे जुळले नव्हे

मोटार कितीही शक्तिशाली असली, तरी ती रस्त्याला टेकते ती चार टायरांच्या तळहाताएवढ्या भागांवर. इंजिनाची सारी ताकद, ब्रेकचा सारा जोर आणि वळणावर मोटारीला बाहेर ओढणारा भार याच चार ठिकाणांतून रस्त्यापर्यंत पोहोचतो आणि वाटेत तो पेलते ते चाक. असे असूनही वेगवान मोटार घेतल्यावर हौशी मालक सर्वांत आधी बदलतात ते चाकच. त्याचे कारण उघड आहे. इंजिनाला हात न लावता तासाभरात मोटारीचे रूप पालटते. मूळ उत्पादकाऐवजी अन्य कंपन्यांनी बनवलेली, बाजारात सुटी मिळणारी ‘आफ्टरमार्केट’ चाके शेकडो आकारांत आणि रंगांत उपलब्ध असतात. पाच छिद्रे जुळली, नट आवळले गेले, चाक फिरले, एवढ्यावर अनेकदा खरेदी उरकली जाते. ताशी दोनशे किलोमीटरचा वेग सहज ओलांडणाऱ्या मोटारीत मात्र ही घाई जिवावर बेतू शकते. चाक हबवर बसणे आणि ते त्या मोटारीला जुळणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

जीटी-आरचे उदाहरण

हा फरक समजून घेण्यासाठी जपानच्या निसान कंपनीची जीटी-आर ही मोटार उत्तम उदाहरण ठरते. तिची आर३५ या नावाने ओळखली जाणारी पिढी ऑक्टोबर २००७ मध्ये टोकियो मोटार शोमध्ये सादर झाली. ३.८ लिटरचे, दोन टर्बोचार्जर असलेले सहा सिलिंडरचे इंजिन प्रारंभी ४८० अश्वशक्ती देत असे. पुढे २०१७ च्या मॉडेलमध्ये ती ५७० पर्यंत गेली. डिसेंबर २०१६ मध्ये ही मोटार भारतातही अधिकृतपणे विक्रीस आली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे यापुढे तिचा शौकीन बहुधा वापरलेलीच मोटार घेणार आणि तिच्यावर आधीच्या मालकाने बसवलेली चाके असण्याची शक्यताही मोठी. अशा वेळी चाकावरचे आकडे वाचता येणे ही चैन राहत नाही, ती गरज होते.

जीटी-आरची मूळ चाके २० इंच व्यासाची आहेत. पुढचे चाक ९.५ इंच रुंद असून त्याचा ऑफसेट ४५ मिलिमीटर, तर मागचे १०.५ इंच रुंद असून ऑफसेट २५ मिलिमीटर आहे. पुढे २५५/४० आणि मागे २८५/३५ या मापाचे टायर बसतात. नवे चाक निवडताना या आकड्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

छिद्रे आणि मध्य

पहिले माप म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास. यालाच गॅरेजमध्ये ‘पीसीडी’ म्हणतात. जीटी-आरमध्ये पाच बोल्ट ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत. अनेक जर्मन मोटारींमध्ये हेच माप पाच बोल्ट आणि ११२ मिलिमीटर असे असते. फरक अवघा २.३ मिलिमीटरचा. त्यामुळे चुकीचे चाकही थोडी जबरदस्ती केली की चढल्यासारखे वाटते आणि नटही काही आटे फिरतात. परंतु नट तिरके बसतात, चाकाची पाठ हबला सपाट टेकत नाही आणि बोल्टवर सतत वाकवणारा ताण येतो. असा बोल्ट पहिल्या दिवशी तुटत नाही. हजारो फेऱ्यांनंतर, बहुधा वेगात असतानाच, तो दगा देतो.

दुसरे माप चाकाच्या मधल्या छिद्राचे. जीटी-आरच्या हबला ६६.१ मिलिमीटरचे छिद्र नेमके बसते. एकच चाक अनेक मोटारींना चालावे, म्हणून बाजारातील चाकांचे छिद्र बहुधा मोठे, बरेचदा ७३.१ मिलिमीटरचे ठेवलेले असते. ही फट भरण्यासाठी मधे कडे बसवतात. हे कडे मोटारीचा भार पेलत नाही. भार पेलतो तो नट आवळल्यामुळे हब आणि चाक यांच्यात निर्माण झालेल्या घट्ट पकडीने. कड्याचे काम चाक अचूक मध्यावर आणण्याचे. ते वगळले, तर चाक केसभर सरकून बसते आणि ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरू लागते. मग मालक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतो आणि दोष मात्र तसाच राहतो.

नटाची बैठकही तितकीच महत्त्वाची आहे. काही चाकांना शंकूच्या आकाराचे नट लागतात, काहींना गोलाकार बैठकीचे, तर काहींना सपाट वॉशर असलेले. शंकूच्या बैठकीत गोल नट आवळला, तर तो बारीक रेषेवरच टेकतो आणि काही दिवसांत सैल होतो. जपानी मोटारींमध्ये १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टांवरही १.२५ आणि १.५ असे दोन प्रकारचे आटे आढळतात. म्हणून नट चाकासोबत नव्याने, नेमक्या मापाचेच घ्यावेत.

ऑफसेटचे गणित

सर्वाधिक चुका होतात त्या ऑफसेटमध्ये. चाकाच्या रुंदीच्या मधोमध एक रेषा कल्पावी. हबला टेकणारी पाठ त्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला जितकी दूर, तितका तो धन ऑफसेट. हा आकडा कमी झाला की चाक बाहेर येते, वाढला की आत जाते.

समजा, जीटी-आरच्या पुढच्या ९.५ इंची आणि ४५ ऑफसेटच्या चाकाऐवजी १० इंच रुंद आणि ४० ऑफसेटचे चाक घेतले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. ही वाढ दोन्ही बाजूंना सारखी विभागली जाईल, असे वाटते. प्रत्यक्षात ऑफसेट पाचने कमी झाल्यामुळे चाकाची बाहेरची कड सुमारे ११ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली कड सुमारे दीड मिलिमीटरच आत सरकते. कागदावर किरकोळ वाटणारे हे ११ मिलिमीटर पूर्ण वळवलेल्या आणि दबलेल्या चाकाला मडगार्डवर घासायला पुरेसे ठरू शकतात. शिवाय चाक जितके बाहेर, तितका हबच्या बेअरिंगवरचा तरफेचा ताण अधिक आणि खडबडीत रस्त्यावर स्टीअरिंग ओढले जाण्याची प्रवृत्तीही अधिक.

चाके बाहेर काढण्यासाठी हब आणि चाक यांच्यामध्ये चकत्या, म्हणजेच स्पेसर, बसवण्याचा सोपा उपाय अनेक जण करतात. चकती जितकी जाड, तितके नटाला मिळणारे आटे कमी होतात. पुरेशा लांबीचे बोल्ट न घालता चकती बसवणे हा धोक्याचा व्यवहार होय.

ब्रेक आणि टायर

शक्तिशाली मोटारीचे ब्रेकही मोठे असतात. जीटी-आरच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये पुढच्या डिस्क ३८० मिलिमीटरच्या होत्या. पुढे त्या ३९० च्या झाल्या. डिस्कवर सहा पिस्टनचा रुंद कॅलिपर बसतो. चाक २० इंची आहे, एवढ्याने तो मावेलच असे नाही. रिमचा आतला पृष्ठभाग आणि आऱ्यांची मागची बाजू या दोन्हींपासून कॅलिपर मोकळा राहिला पाहिजे. चाक बनवणाऱ्या अनेक कंपन्या कॅलिपरच्या आकाराचा कागदी नमुना देतात. तो छापून प्रत्यक्ष ब्रेकवर ताडून पाहणे हा खरेदीपूर्वीचा सर्वांत स्वस्त विमा आहे.

टायरचा एकूण व्यास बिघडू न देणे हेही तितकेच आवश्यक. जीटी-आरमध्ये पुढच्या टायरचा व्यास सुमारे ७१२ आणि मागच्याचा सुमारे ७०७ मिलिमीटर भरतो, म्हणजे दोन्हींत एक टक्क्याहूनही कमी फरक आहे. या मोटारीत पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये शक्तीची वाटणी संगणक चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून करतो. हौसेखातर मागे अधिक रुंद ३०५/३० मापाचा टायर घातला, तर मागचा व्यास सुमारे ६९१ मिलिमीटरवर येतो आणि फरक जवळपास तीन टक्क्यांवर जातो. सरळ रस्त्यावरही मागची चाके पुढच्यांपेक्षा सतत जलद फिरू लागतात आणि संगणकाला ती घसरत असल्याचा भास होतो. परिणामी शक्तिवाटप करणाऱ्या यंत्रणेवर विनाकारण ताण पडतो.

टायरवरचे वेगाचे अक्षरही नजरेतून सुटता कामा नये. ‘डब्ल्यू’ म्हणजे ताशी २७० आणि ‘वाय’ म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. मोटारीची कमाल क्षमता जितकी, त्यापेक्षा कमी अक्षराचा टायर घेऊ नये.

जीटी-आरच्या मूळ रिमचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. टायरची कड जिथे बसते, तिथे धातूवर बारीक खाचा पाडलेल्या असतात. इंजिनाच्या झटक्याने रिम फिरावी आणि टायर जागेवरच राहावा, असे होऊ नये म्हणून ही योजना. इंजिनाची ताकद वाढवून घेणाऱ्या मालकाने नव्या चाकात अशा खाचा आहेत की नाहीत, हे विचारलेच पाहिजे.

ओतीव की घडीव?

चाकाची ताकद ते कसे बनले यावर ठरते. वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात ओतून बनवलेले चाक स्वस्त पडते. त्यात सूक्ष्म पोकळ्या राहण्याचा संभव असल्याने उत्पादक जाडी आणि वजन वाढवून ताकद राखतात. दुसऱ्या पद्धतीत ओतलेल्या चाकाची कड गरम असताना रुळांनी दाबून लांबवली जाते. ‘फ्लो फॉर्मिंग’ नावाच्या या पद्धतीने कड पातळ आणि तरीही मजबूत होते. तिसरी पद्धत ‘फोर्जिंग’, म्हणजे घडीव चाक. यात धातूचा घन ठोकळा प्रचंड दाबाखाली आकारला जातो. धातू दाट होतो, म्हणून कमी वजनात अधिक ताकद मिळते. जीटी-आरची मूळ चाके याच प्रकारची असून ती जपानच्या रेज कंपनीने बनवली. त्यामुळे त्यांच्या जागी सुंदर पण ओतीव आणि जड चाके बसवणारा मालक पैसे मोजून मोटारीची गुणवत्ता घटवत असतो. कडेवरचा एक किलो वाढला, तर वेग घेताना तो मोटारीत ठेवलेल्या जवळपास दोन किलोंइतका भार होतो, कारण त्याला पुढे ढकलावेही लागते आणि फिरवावेही लागते.

ठसे आणि नकला

प्रतिष्ठित चाकांच्या मागच्या बाजूला काही ठसे आढळतात. ‘जेडब्ल्यूएल’ हा जपानमधील हलक्या धातूच्या चाकांच्या मानकाचा ठसा. तो उत्पादक स्वतःच्या चाचण्यांवरून उमटवतो. ‘व्हीआयए’ हा ठसा मात्र स्वतंत्र संस्थेने चाचणी घेतल्यावर मिळतो. वळणावरचा वाकवणारा ताण, सरळ भाराखालील दीर्घकाळ फिरणे आणि आघात यांसाठी चाके तपासली जातात. जर्मनीत केबीए क्रमांक आणि टीयूव्ही संस्थेचे अहवाल हेच काम करतात. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १६१९२ हे मानकही चाकांच्या रिमसाठीच आहे.

याशिवाय प्रत्येक चाकावर भारक्षमता किलोमध्ये कोरलेली असावी. आसावर येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या निम्म्याहून ती कमी असता कामा नये. जीटी-आरचे रिकामे वजन सुमारे १७४० किलो असून त्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पुढे असतो. म्हणजे मोटार नुसती उभी असतानाच पुढच्या प्रत्येक चाकावर साडेचारशे किलोंहून अधिक भार असतो. प्रवासी, सामान आणि जोरात ब्रेक दाबल्यावर पुढे झुकणारा भार वेगळाच. ज्या चाकावर भारक्षमतेचा आकडाच नाही, ते किमतीने कितीही आकर्षक असले तरी सोडून द्यावे.

याच ठिकाणी नकलांचा प्रश्न येतो. रेजचेच १९९६ मध्ये बाजारात आलेले ‘टीई३७’ हे सहा आऱ्यांचे चाक जगभर इतके लोकप्रिय झाले की त्याच्या हुबेहूब प्रती सर्वत्र विकल्या जातात. आकार उचलता येतो, पण आतील धातू आणि त्यावरील उष्णताप्रक्रिया उचलता येत नाही. रंगाखाली हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि ठसाही खोटा असू शकतो. अधिकृत विक्रेता, पावती आणि उत्पादकाकडून पडताळता येणारा क्रमांक एवढाच यावर भरवसा.

खड्डे, कायदा आणि अखेरची तपासणी

मुंबई-पुण्याच्या वाचकांना खड्ड्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. चाक मोठे केले आणि टायरचा एकूण व्यास तोच ठेवला, तर रबराची उंची घटते. जीटी-आरच्या पुढच्या टायरची बाजू १०२ मिलिमीटर उंच आहे; २२ इंची चाक घातल्यास ती जेमतेम ७७ मिलिमीटर उरते. खड्ड्याचा धक्का गिळणारी उशी तितकी पातळ झाली, म्हणजे उरलेला आघात रिमवर. रिमची आतली कड प्रथम वाकते किंवा तडकते आणि ती बाहेरून दिसत नाही. म्हणूनच वापरलेली चाके टायर उतरवून, आतून तपासल्याशिवाय घेऊ नयेत. तडा वेल्डिंगने बुजवलेले चाक तर कदापि घेऊ नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने त्या भागातील धातूची मूळ ताकदच नाहीशी होते.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ही मर्यादाही ध्यानात ठेवावी. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील, असा बदल वाहनात करता येत नाही. चाकांतील बदल विमा कंपनीला लेखी कळवणेही शहाणपणाचे. अपघातानंतर या गोष्टीवरून वाद घालण्याची वेळ येऊ नये.

चाके बसवताना हबवरील गंज आणि धूळ साफ करावी. नट हाताने सुरू करून समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटचा जोर वाहनपुस्तिकेतील आकड्यानुसार टॉर्क रेंचनेच द्यावा. हवेच्या यंत्राने कचकचून आवळलेला नट सुरक्षित नसतो. तो बोल्ट ताणून ठेवतो. टायरमधील हवेचा दाब सांगणारे सेन्सर नव्या चाकांत बसवले गेले आहेत, याची खात्री करावी. शंभरेक किलोमीटर धावल्यावर सर्व नट पुन्हा तपासावेत. स्टीअरिंग पूर्ण वळवून, मोटारीत माणसे बसवून टायर कुठे घासत नाही ना, हेही पाहावे.

दुकानात जाण्यापूर्वी बोल्टांचे वर्तुळ, मधले छिद्र, रुंदी, ऑफसेट, ब्रेकसाठीची जागा, टायरचा व्यास आणि भारक्षमता ही सात मापे एका कागदावर लिहून न्यावीत. सातही जुळली, की मग रंग आणि आऱ्यांची नक्षी निवडावी. एकही जुळले नाही, तर विक्रेत्याने ‘बसेल’ असे कितीही ठामपणे सांगितले, तरी ते चाक त्या मोटारीचे नाही.