दुकानातल्या कामाचा नकाशा : समज आणि वस्तुस्थिती

किराणा दुकानात व्हॉट्सअ‍ॅपवर यादी येते आणि काही वेळाने सामान गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचतं. मधल्या वेळात यादी वाचणं, माल काढणं, वजन, बिल, पोहोचवणं, उधारी मांडणं ही कामं तीन-चार हातांतून जातात. ती सगळ्यांनी मिळून क्रमाने कागदावर मांडली, की कामाचा नकाशा तयार होतो. त्याविषयीचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : हे कारखान्यांचं काम, छोट्या दुकानाला त्याचा काय उपयोग?

वस्तुस्थिती : फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतल्या अभियंत्यांपुढे कामाच्या टप्प्यांचे तक्ते मांडले आणि पुढे कारखान्यांनी ते उचलले, हे खरं. पण कारखानेही दुकानांकडून शिकले आहेत. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी ‘कानबान’ पद्धतीसाठी अमेरिकी सुपरमार्केटचा धडा घेतला : फळीवरून जेवढा माल उचलला गेला, तेवढाच पुन्हा भरायचा.

गैरसमज : त्यासाठी संगणक किंवा सल्लागार लागतो.

वस्तुस्थिती : मॅक्डोनल्ड बंधूंनी आपल्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराची आखणी टेनिस कोर्टवर खडूने काढली आणि कामगारांना त्यावर प्रत्यक्ष हालचाली करायला लावून ती सुधारली. दुकानाला पॅकिंगचा मोठा कागद आणि चिकट चिठ्ठ्या पुरतात. मालक, काउंटर, डिलिव्हरी अशी प्रत्येकाची एक आडवी रांग आखा. एका चिठ्ठीवर एकच काम लिहा, म्हणजे क्रम चुकला तर चिठ्ठी उचलून हलवता येते. सुरुवातीला कामांची एकच साखळी घ्या. संपूर्ण दुकान एका कागदावर मांडू गेलात, तर गुंता तेवढा वाढेल.

गैरसमज : मालकाला सगळं ठाऊक असतं, त्यानेच नकाशा काढावा.

वस्तुस्थिती : मालक एकटा बसला, तर बहुधा काम कसं व्हायला हवं तेच कागदावर येतं. ते खरोखर कसं होतं, हे करणाऱ्यांना विचारावं लागतं. समजा, मालकाने लिहिलं : ‘यादी आली, माल काढला, पाठवला.’ काउंटरवरचा मुलगा सांगतो, “यादी तुमच्याच फोनवर येते. तुम्ही घाऊक बाजारात गेलात, की ती तशीच पडून राहते.” डिलिव्हरीवाला म्हणतो, “तूरडाळ संपलीय हे पिशवी भरताना कळतं. मग गिऱ्हाइकाला फोन, उत्तराची वाट, आणि बिल पुन्हा.” मालकाच्या तीन चिठ्ठ्यांच्या आठ-नऊ होतात. हात भराभर चालत असतात. वेळ जातो तो काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना. ती वाट पाहण्याची जागा लाल पेनाने दाखवा.

गैरसमज : यातून कोण चुकतं ते पकडायचं असतं.

वस्तुस्थिती : तशी शंका आली, तर कुणी खरं बोलणार नाही. म्हणून ‘कोणी उशीर केला?’ असं न विचारता ‘यादी कुठे थांबली?’ असं विचारावं. मालकाने शेवटी बोलणं बरं. यादी त्याच्याच खिशात अडकत असेल, तर तेही इतरांना मोकळेपणी सांगता आलं पाहिजे.

गैरसमज : नकाशा भिंतीवर लावला, की सुधारणा झाली.

वस्तुस्थिती : लाल खुणांपैकी एकच निवडा आणि एकच बदल करा. वरच्या उदाहरणात यादी काउंटरवरच्या फोनवर घेता येईल आणि ती वाचतानाच संपलेला जिन्नस गिऱ्हाइकाला कळवता येईल. बदलाआधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा दोनच नोंदी ठेवा : यादी आल्यापासून पिशवी बाहेर पडेपर्यंतचा वेळ आणि दुरुस्त कराव्या लागलेल्या बिलांची संख्या. आकडे हलले नाहीत, तर बदल मागे घ्या आणि दुसरी खूण निवडा. हा प्रयोग दिवाळीच्या गर्दीत नको. एरवीच्या दिवसांत करा, म्हणजे दोन आठवड्यांची तुलना खरी ठरेल.