गावी राहायचंय? आधी मे महिन्याचं पाणी बघा

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईचे कितीतरी चाकरमानी हातखंब्याच्या तिठ्यावरून गावी परतले. घर होतं, फणस होते. पण मे महिन्यात विहिरीला पाणी?

अडीअडचणीला गावी राहायचं ठरवताय, तर भात-नाचणीच्या आधी हा हिशेब मांडा. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, पण जांभ्यातून झिरपून निघून जातो. हजार चौरस फुटांच्या छपरावर मात्र अडीच लाख लिटरहून जास्त पाणी पडतं! पाच माणसांचं पिणं-रांधणं दिवसाला १०० लिटर धरा. एप्रिल-मेला ७००० लिटरची झाकलेली टाकी पुरते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, कौलांवर घाण असते ना.

बाकी आगोटची बेगमी, म्हणजे तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सुकी मासळी, ते आजीलाच विचारा. टाकीचं काम तेवढं पावसाआधी उरका.