भगव्याचा करडा कोणता?

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. वळणावळणावर दिंड्या, खांद्यावर भगव्या पताका आणि पाऊस वेळेवर झाला असेल तर मागे हिरवागार डोंगर. हा फोटो कृष्णधवल करायला घेतला की पहिला पेच पडतो तो पताकांचा.

सॉफ्टवेअरमध्ये नुसता रंग शून्यावर आणला, तर भगवा आणि उन्हातला हिरवा जवळजवळ एकाच करड्या छटेत येतात. डोळ्यांनी त्यांना वेगळं ओळखलं होतं ते रंगामुळे. उजेड दोघांचा सारखाच होता. पताका डोंगरात हरवतात आणि फोटो मळकट दिसतो.

म्हणून मी कायम रॉ फाइलवर काम करतो. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. शिवाय कॅमेऱ्यातच मोनोक्रोम केलेल्या जेपेगमधून मूळ रंग निघून गेलेला असतो. रॉमध्ये तो शाबूत राहतो. आणि चांगला करडा मिळतो तो रंगातूनच.

लाइटरूममध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा अशा आठ रंगांचे आठ स्लायडर असतात. कोणत्या रंगाचा करडा किती गडद, हे त्यांवर ठरतं. फिल्मच्या काळात हे काम भिंगापुढचा रंगीत फिल्टर करायचा. 1927 साली योसेमिटीत हाफ डोमचा कडा टिपताना अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने गडद लाल फिल्टर लावला आणि निळं आकाश जवळजवळ काळं केलं. त्याला हा निर्णय शटर दाबण्याआधी घ्यावा लागला. आपल्याला तो नंतर, शांतपणे घेता येतो.

पताका उठून दिसाव्यात म्हणून हात आधी नारिंगीकडे जातो. तो वाढवला की पताका झळकतात, पण त्याबरोबर माणसांचे चेहरेही उजळतात, कारण त्वचेचा रंगही बहुतांशी नारिंगीतच मोडतो. उन्हातान्हात चालून रापलेला चेहरा सपाट होतो, कपाळावरच्या आठ्या पुसट होतात, काळा बुक्का तेवढा चिकटवल्यासारखा दिसतो. मी नारिंगीला हात लावत नाही. हिरवा आणि पिवळा खाली आणतो. डोंगर गडद होतो, पताका आपोआप पुढे येतात, चेहरे जसेच्या तसे राहतात.

मग पांढरे कपडे. हिस्टोग्रामचं उजवं टोक भिंतीला टेकलं, की धोतराच्या चुण्या गेल्याच. हायलाइट्स उतरवून सुताचा पोत दिसू लागला की थांबायचं. ढगाळ आकाशात मुळात निळा रंगच कमी, त्यामुळे निळ्या स्लायडरचा तिथे फारसा उपयोग नाही. आकाशापुरता मास्क लावून कॉन्ट्रास्ट हळूहळू वाढवावा. डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटली, तर आपण जास्त ताणलंय. शेवटी कर्व्हने सावल्या किंचित खाली. मॅट कागदावर प्रिंट काढायची असेल तर तेवढंही नको, कारण त्या कागदावर गडद भागातले बारकावे लवकर बुजतात.

फाइल सेव्ह करण्याआधी फोटो शंभर टक्के मोठा करा आणि फक्त चेहरे बघा. आकाश हवं तेवढं काळं करा, डोंगर गडद करा. पण वारकऱ्याला गोरं करण्याचा अधिकार आपल्याला नाही.