धारोष्ण दूध आणि उलटणारा ताप

आपल्या जिल्ह्यात शेळी हे गरिबाघरचे दुभते. धारोष्ण दुधाची थोरवी घरोघरी सांगितली जाते. त्याच दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांचा रोग मनुष्यास जडतो, हे फारसे कोणी सांगत नाही. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टा बेटावर याचे जंतू शोधले. परंतु ते धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांतून येतात, हे कळण्यास 1905 साल उजाडावे लागले. पुढे सैनिकांचे शेळीचे दूध बंद करताच त्यांच्यातील ताप झपाट्याने ओसरला.

शेळी वा गाय गाभडल्यास गर्भात व वारेत हे जंतू विपुल असतात, आणि ती घाण उचलण्याचे काम पुष्कळदा मुलाकडेच येते! मग ताप चढतो, उतरतो, पुन्हा उलटतो. घाम सुटतो, सांधे दुखतात. हिवताप समजून दिवस दवडले जातात. असा विद्यार्थी वरचेवर गैरहजर राहू लागल्यास शिक्षकांनी हजेरीपटावर खूण करून न थांबता गोठ्याची चौकशी करावी व रक्ततपासणी सुचवावी. औषधाने रोग बरा होतो, मात्र ते कित्येक आठवडे न चुकता घ्यावे लागते. दूध चांगले उकळूनच द्यावे. वार उघड्या हाताने न उचलता खोल पुरावी.